जुन्या डेस्कटॉपमधली दोन वेगांची डिस्क

डेस्कटॉप स्लो झालाय, आता नवाच घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: आत डिस्क कुठली आहे? प्रोसेसरचं नंतर बघू. २०१३-१४च्या सुमारास असेंबल करून घेतलेल्या मशीनमधला चार कोअरचा प्रोसेसर पुस्तकाची पानं लावायला, पत्रव्यवहाराला, दुकानाच्या हिशेबाला, परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलायला अजूनही पुरतो. अडतं ते डिस्कपाशी. आणि त्या काळच्या काही मशीनमध्ये एक वेगळ्याच जातीची डिस्क बसलेली असते, ज्याची मालकाला कल्पनाही नसते. बिलावर नुसतं ‘एक टीबी हार्ड डिस्क’ एवढंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती असते हायब्रिड. फिरत्या तबकड्या आणि फ्लॅश मेमरी अशा दोन वेगवेगळ्या वेगांच्या साठवणी तिच्यात एकत्र नांदतात.

या डिस्कबरोबर मी बरीच वर्षं काढली आहेत. तिचं वागणं समजून घेतलं तर जुनं मशीन उत्तम चालवता येतं. समजून घेतलं नाही, तर एखाद्या दिवशी घरातले सगळे फोटो आणि सगळं लेखन हातचं जाऊ शकतं. म्हणून हा लेख.

जुनं मशीन टाकून का देत नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी निव्वळ पैशाचा नाही. पुण्याच्या पेठांमध्ये, कोल्हापूर-सांगलीकडच्या छापखान्यांमध्ये अक्षरजुळणी करणाऱ्या कितीतरी डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपी या फॉण्ट-सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि तिचं डोंगल आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये बसवलेली शेकडो पुस्तकं पेजमेकरच्या फाइलींमध्ये पडून आहेत. ती फाइल उघडायची तर तेच सॉफ्टवेअर, तेच विंडोज, तेच मशीन लागतं. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची वेळ आली की या जुन्या डेस्कटॉपची किंमत कळते. दुसरीकडे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ला साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० चिप लागते. म्हणजे चांगली चालणारी असंख्य मशीन कागदोपत्री म्हातारी ठरली. त्यातली जी घरात राहणार आहेत, त्यांच्या पोटात काय आहे ते पाहणं भाग आहे.

आधी तबकडीची अडचण. बाजारातली नेहमीची डेस्कटॉप हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी हेड योग्य त्या वर्तुळावर न्यायचं, त्याला साधारण आणखी ८-९ मिलिसेकंद. बेरीज केली तर एक तुकडा वाचायला बारा-तेरा मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला असे ऐंशीच्या आसपास तुकडे वाचून होतात. सलग ठेवलेला मोठा सिनेमा असेल तर तबकडी झरझर वाचते, तिथे तिची काही तक्रार नाही. पण विंडोज सुरू होताना डिस्कभर विखुरलेल्या हजारो छोट्या फाइली लागतात, आणि तिथे हेडची नुसती धावपळ होते. नुसत्या फ्लॅशवर चालणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे तेच काम तुकड्यामागे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात उरकतं.

ही अडचण किती जुनी आहे पाहा. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक हे मशीन आणलं. त्यातल्या ३५० क्रमांकाच्या साठवण यंत्रात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावत, आजच्या हिशेबाने पावणेचार एमबीच्या आसपास. हवी ती नोंद सापडायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. तिथून चार टीबीच्या घरगुती डिस्कपर्यंत आलो तेव्हा साठवण दहा लाख पटींनी वाढली होती. शोधायचा वेळ मात्र ६०० वरून बारावर आला, म्हणजे जेमतेम पन्नास पट घटला. चुंबकीय ठिपके कितीही बारीक करता येतील, पण लोखंडी आसावर फिरणारी तबकडी आणि इकडून तिकडे जाणारा हात यांना जडत्व आहे. हायब्रिड डिस्कचा जन्म या दोन आकड्यांमधल्या दरीत झाला.

दरी भरून काढायची कल्पना मात्र संगणकशास्त्रात आधीपासून होती. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मोठ्या, संथ मेमरीपुढे एक छोटी, चपळ मेमरी ठेवण्याची मांडणी केली. १९६८ मध्ये आयबीएमच्या सिस्टीम ३६०च्या ८५ क्रमांकाच्या मॉडेलमध्ये ती प्रत्यक्षात आली. त्याच वर्षी पीटर डेनिंग यांनी दाखवून दिलं की कुठलाही प्रोग्रॅम ठरावीक काळात आपल्या सगळ्या डेटापैकी एका लहानशा भागालाच पुन्हा पुन्हा हात लावतो. त्या भागाला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटलं. किराणा दुकानदार हे न शिकता जाणतो. साखर, चहा, तेलाच्या पिशव्या गल्ल्याशेजारच्या फळीवर आणि वर्षातून एकदा लागणारं सामान मागच्या गोदामात. फळी लहान असली तरी दिवसभरातली बहुतेक गिऱ्हाइकं तिथूनच मार्गी लागतात. हायब्रिड डिस्कमधली फ्लॅश ही ती फळी आणि तबकडी हे गोदाम.

पहिला प्रयत्न २००७च्या आसपास झाला. विंडोज व्हिस्टात रेडीड्राइव्ह नावाची सोय होती आणि सॅमसंगने त्यासाठी फ्लॅश असलेल्या डिस्क काढल्या. पण फ्लॅशमध्ये काय ठेवायचं हे विंडोजने सांगायचं आणि डिस्कने ऐकायचं, अशी ती व्यवस्था होती. दोघांचं जमलंच नाही आणि ती कल्पना मागे पडली.

२०१० साली सीगेटने मोमेंटस एक्सटी आणली तेव्हा हा हुकूमशाहीचा मामला काढून टाकला. अर्ध्या टीबीची ती लॅपटॉपमध्ये बसणारी डिस्क होती, सोबत अवघी चार जीबी फ्लॅश. डिस्कवरचाच छोटा प्रोसेसर कुठला तुकडा वारंवार मागितला जातो याची नोंद ठेवायचा आणि त्याची एक प्रत फ्लॅशमध्ये करून ठेवायचा. विंडोज असो, लिनक्स असो, मॅक असो, कुणालाही पत्ता नाही. त्यांच्या दृष्टीने ती साधी हार्ड डिस्कच. पुढच्याच वर्षी ७५० जीबीला आठ जीबी फ्लॅश आली. २०१३ मध्ये हीच मांडणी एसएसएचडी या नावाने डेस्कटॉपमध्ये शिरली. एक किंवा दोन टीबीच्या तबकड्या आणि आठ जीबी फ्लॅश. त्या वेळी एक टीबीची एसएसडी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती, साध्या हार्ड डिस्कच्या किमतीत थोडी भर घालून मिळणारी ही डिस्क म्हणून शहाणपणाची खरेदी होती. आज कुणी तिला फसवणूक म्हटलं तर मला ते अन्यायाचं वाटतं. त्या काळच्या किमतींना दिलेलं ते चोख उत्तर होतं.

ॲपलचा रस्ता वेगळा. ऑक्टोबर २०१२ मध्ये नव्या आयमॅक आणि मॅक मिनीबरोबर फ्यूजन ड्राइव्ह आला. आत दोन स्वतंत्र डिस्क, १२८ जीबीची एसएसडी आणि एक किंवा तीन टीबीची हार्ड डिस्क. मॅकच्या सिस्टीमने त्यांना जोडून एकच डिस्क दाखवली. नवीन लिहिलेलं आधी एसएसडीवर उतरायचं, त्यासाठी तिथे चार जीबी जागा राखलेली असायची. मग मशीन निवांत असताना, न लागणारे तुकडे खाली हार्ड डिस्कवर आणि नेहमी लागणारे वर एसएसडीवर, अशी ने-आण चालायची. १२८ जीबी ही मोठी फळी होती आणि सुरुवातीचे फ्यूजन ड्राइव्ह खरोखर सुरेख चालत. पुढे २०१५ मध्ये एक टीबीच्या फ्यूजन ड्राइव्हमधली एसएसडी कापून २४ जीबीवर आणली गेली. नाव तेच, डबा तोच, आतली फळी मात्र पाचव्या हिश्शाहूनही लहान. २०१७च्या मॉडेलात ती ३२ जीबी झाली. तेव्हा ‘माझ्याकडे फ्यूजन ड्राइव्ह आहे’ या वाक्यावरून फारसं काही कळत नाही. वर्ष विचारावंच लागतं.

तिसरा प्रकार घरी जोडून केलेला. इंटेलने २०११ मध्ये झेड ६८ चिपसेटबरोबर स्मार्ट रिस्पॉन्स ही सोय दिली. वेगळी छोटी एसएसडी लावायची आणि तिची ६४ जीबीपर्यंतची जागा हार्ड डिस्कपुढे पहारेकरी म्हणून उभी करायची. २०१७ मध्ये ऑप्टेन मेमरीच्या १६ आणि ३२ जीबीच्या पट्ट्या आल्या, त्याही याच कामाच्या. २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेनचा धंदा आवरता घेत असल्याचं जाहीर केलं.

हे सगळे प्रकार ‘हायब्रिड’ म्हणवत असले तरी त्यांच्यात एक मूलभूत भेद आहे, आणि जुन्या मशीनच्या मालकाने या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवावं. एसएसएचडीमध्ये फ्लॅशवर असते ती प्रत. मूळ डेटा तबकडीवर शाबूत असतो. फ्यूजन ड्राइव्हमध्ये प्रत नसते, वाटणी असते. प्रत्येक तुकडा एसएसडीवर किंवा हार्ड डिस्कवर, कुठेतरी एकाच ठिकाणी. म्हणूनच १२८ जीबी आणि एक टीबी जोडल्यावर तिथे १.१२ टीबी जागा दिसते, तर आठ जीबीवाल्या एसएसएचडीत एक टीबीच दिसते. हीच ती ओळखण्याची सोपी खूण. वाटणीचा परिणाम असा की दोहोंपैकी कुठलीही एक डिस्क गेली की दुसरीवरचाही डेटा उघडत नाही. कुटुंबाचे दहा वर्षांचे फोटो हार्ड डिस्कवर धडधाकट असतील, पण त्यांचा नकाशा बिघडलेल्या एसएसडीवर असेल तर त्यांचा उपयोग शून्य. जी बिघडण्याची शक्यता आहे अशी दोन यंत्रं एकमेकांवर अवलंबून ठेवली की धोका कमी होत नाही, वाढतो. घरी जोडलेल्या इंटेलच्या सोयीतही हेच पाहावं लागतं. तिच्या दोन पद्धतींपैकी वेगवान पद्धतीत नवीन लिहिलेलं आधी एसएसडीवर राहतं आणि सवडीने हार्ड डिस्कवर जातं. ही जोडणी सॉफ्टवेअरमधून रीतसर सोडवल्याशिवाय एसएसडीची केबल काढली, की अर्धवट लिहिलेलं हरवलं.

आता रोजच्या सहवासाबद्दल. एसएसएचडीचा स्वभाव सवयीचा आहे. सकाळी मशीन लावायचं, ब्राउझर, मेल, एक-दोन नेहमीचे प्रोग्रॅम उघडायचे, असा दिनक्रम ठरलेला असेल तर तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून फरक जाणवतो. तिला फाइल म्हणजे काय ते माहीत नसतं, फोल्डर माहीत नसतो. अमुक क्रमांकाचा तुकडा पुन्हा मागितला, एवढंच ती जाणते. म्हणून वर्षभरात न उघडलेला मोठा अल्बम उघडला की ती साध्या हार्ड डिस्कसारखीच रेंगाळते. पहिल्यांदा वापरणाऱ्या मालकाला वाटतं, डिस्क बिघडली. डिस्क ठीक असते, तो भाग फळीवर नसतो एवढंच.

विंडोजचं मोठं अपडेट झालं की फळीवरचं सामान एका रात्रीत शिळं होतं. फाइली बदलल्या, तुकड्यांचे क्रमांक बदलले, शिकलेलं निरुपयोगी. पुढच्या काही वेळा सुरुवात जड जाते, मग हळूहळू गाडी रुळावर येते. हीच गोष्ट डीफ्रॅगमेंटची. विंडोजला ही डिस्क साधी हार्ड डिस्क वाटते, त्यामुळे ठरल्या वेळी विंडोज तबकडीवरचे तुकडे इकडचे तिकडे करून सलग लावतं. तबकडीला त्याचा फायदा होतोच. पण हललेल्या तुकड्यांच्या फ्लॅशमधल्या प्रतींचा काही उपयोग उरत नाही आणि शिकणं पुन्हा पहिल्यापासून. अधूनमधून करायला हरकत नाही. दर आठवड्याला हाताने डीफ्रॅग करत बसण्याची सवय मात्र या डिस्कवर सोडून द्यावी.

आणि एक गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. जुनी हायब्रिड डिस्क स्लो झालेली नसते. तबकडी त्याच वेगाने फिरते, फ्लॅश तितकीच चपळ असते. वाढली आहे ती मागणी. ६४ बिटच्या विंडोज ७ला बसायला २० जीबी जागा पुरेशी मानली जायची. विंडोज १०च्या २०१९च्या आवृत्तीसाठी ३२ जीबी लागू लागली. विंडोज ११ला किमान ६४ जीबी हवी. ब्राउझर, अँटिव्हायरस, शोधसूची बनवणारे प्रोग्रॅम, सगळे फुगले. फळी मात्र २०१३ मध्ये आठ जीबीची होती, ती आजही आठच जीबीची. डेनिंग यांच्या भाषेत वर्किंग सेट फ्लॅशबाहेर गेला. एक तुकडा आत घेण्यासाठी दुसरा, तितकाच गरजेचा तुकडा बाहेर काढावा लागतो, तो लगेच पुन्हा मागितला जातो आणि हेडची धावपळ परत सुरू होते.

मॅकमध्ये याचं दुसरं रूप दिसलं. २०१७ मध्ये हाय सिएराबरोबर एपीएफएस ही नवी फाइल-व्यवस्था आली, तीही मुख्यतः फ्लॅशचा विचार करून बनवलेली. त्या वर्षी फ्यूजन ड्राइव्हना त्यातून वगळलं होतं. २०१८च्या मोहाविमध्ये त्यांनाही ती लागू झाली. या व्यवस्थेत बदललेला तुकडा जुन्याच जागी न लिहिता नव्या जागी लिहिला जातो, त्यामुळे नोंदी डिस्कभर विखुरतात. एसएसडीला विखुरण्याचं काहीच वाटत नाही. तबकडीच्या हेडला मात्र प्रत्येक तुकड्यासाठी धाव घ्यावी लागते. २४ जीबीच्या फ्यूजन ड्राइव्हचे मालक त्यानंतर हैराण झाले, यात त्यांचा दोष नव्हता.

अशा वेळी खर्चाचा पहिला रुपया रॅमवर घालावा, असं मी सांगतो. चार जीबी रॅम असलेलं मशीन जागा कमी पडली की रॅममधला डेटा डिस्कवर उतरवतं आणि लागला की परत उचलतं. ही ने-आण तबकडीवर होते. डिस्क सतत कुरकुरते आणि आपण तिलाच बोल लावतो. आठ किंवा सोळा जीबी केली की त्या कुरकुरीतली बरीचशी थांबते. जुन्या मशीनला लागणारी डीडीआर ३ रॅम आता मुख्यतः जुन्या बाजारात मिळते. घेताना मदरबोर्ड किती सोसतो ते पाहून घ्यावं.

पण दहा वर्षं फिरलेल्या तबकडीचा खरा प्रश्न वेगाचा नाही, वयाचा आहे. २००७ मध्ये गूगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वोल्फ-डिट्रिश वेबर आणि लुईझ आंद्रे बारोसो यांनी एक लाखाहून अधिक घरगुती दर्जाच्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. तपासणीत पहिली वाचनचूक सापडल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. एवढं ऐकून स्मार्टवर भरवसा ठेवावासा वाटेल. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा झोप उडवणारा आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्के डिस्कनी स्मार्टमधल्या चार मुख्य खुणांपैकी एकही खूण आधी दाखवली नव्हती. म्हणजे स्मार्टने धोका सांगितला तर तो खरा मानावा. गप्प राहिलं तर सगळं आलबेल आहे असं मानू नये. उष्णतेबद्दलचा सर्वसाधारण समजही या अभ्यासाने सैल केला. अतिशय तापलेल्या आणि त्यातही जुन्या डिस्क सोडल्या, तर थोड्याफार उष्णतेचा बिघाडाशी फारसा संबंध दिसला नाही. कॅबिनेटमधली धूळ जरूर झाडावी, पण एवढ्याने डिस्क अमर होईल अशी आशा बाळगू नये.

स्मार्ट पाहायला विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम सोपा आहे. त्यात तीन ओळी पाहाव्यात. पाचव्या क्रमांकाची ओळ म्हणजे बदलून टाकलेल्या खराब जागा, १९७व्या क्रमांकाची म्हणजे वाचता न आल्याने संशयित म्हणून बाजूला ठेवलेल्या जागा आणि १९८व्या क्रमांकाची म्हणजे तपासणीत अजिबात न वाचता आलेल्या जागा. तिन्हींची मूळ संख्या शून्य असावी. १९७ वाढत असेल तर त्या दिवशी दुसरं काही काम काढू नये. याच प्रोग्रॅममध्ये डिस्कचा मॉडेल क्रमांकही दिसतो. सीगेटच्या डेस्कटॉप हायब्रिडमध्ये क्षमतेच्या आकड्यानंतर ‘डीएक्स’ ही अक्षरं येतात, जसं ‘एसटी १००० डीएक्स ००१’. आपली डिस्क हायब्रिड आहे की साधी, हे त्यावरून उमगतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरला विचारून उपयोग नाही, तो नुसतं ‘एचडीडी’ म्हणून मोकळा होतो.

खराब जागा दिसल्या की बरेच जण, काही दुरुस्ती करणारेसुद्धा, आधी विंडोजचा चेकडिस्क लावतात. असं करू नका, हे मी कळकळीने सांगतो. चेकडिस्कची खोल तपासणी अख्खी डिस्क वाचायला लावते, आणि मरणाला टेकलेल्या हेडला तेवढा ताण शेवटचा ठरू शकतो. शिवाय तो फाइल-व्यवस्था नीटनेटकी करायला बघतो, तुमचा डेटा वाचवायला नाही. आधी बाहेरच्या डिस्कवर जे पुन्हा मिळणार नाही ते उतरवावं. फोटो, हस्तलिखितं, पेजमेकरच्या फाइली, फॉण्ट, हिशेब. विंडोज आणि प्रोग्रॅम पुन्हा मिळतात. डिस्क फारच अडखळत असेल तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम या कामासाठीच लिहिलेला आहे. जे सहज वाचता येतं ते तो आधी उचलतो आणि अवघड जागांकडे शेवटी वळतो. डिस्क कट-कट वाजत असेल तर मात्र वीज बंद करून डेटा परत काढून देणाऱ्या जाणकाराकडेच जावं.

आपल्याकडच्या विजेचंही सांगायला हवं. तालुक्याच्या गावी पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणं नवं नाही. वीज अचानक गेली की फिरत्या तबकडीतलीच उरलेली ऊर्जा वापरून डिस्क हेड सुरक्षित जागी नेते. ही योजना फार हुशारीची आहे आणि बहुतेकदा डिस्क त्यामुळेच वाचते. पण असं घाईने हेड मागे घेणं रोजच्या शांतपणे बंद होण्यासारखं नसतं, आणि लिहिता लिहिता अडलेली फाइल तर गेलीच. जुनी तबकडी असलेल्या डेस्कटॉपला यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदललेली हवी.

शेवटी एसएसडी लावायचीच ठरली, तर जुनं मशीन तिला न्याय देईल का, ही शंका बऱ्याच जणांना असते. काही मदरबोर्डवरचं साटा पोर्ट जुन्या, तीन गिगाबिटच्या पिढीचं असतं, एसएसडी सहा गिगाबिटची. अर्धा वेग वाया जाणार, मग कशाला, असा विचार. तो चुकीचा आहे. जुन्या पोर्टावर एसएसडीचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला २५० एमबीच्या आसपास अडतो, हे खरं. पण आपल्याला भोवत होते ते प्रत्येक तुकड्यामागचे बारा मिलिसेकंद, आणि ते जुन्या पोर्टावरही तितकेच नाहीसे होतात. विंडोज सुरू होताना मिळणारा दिलासा बहुतांशी तिथून येतो. बायोसमध्ये साटाची पद्धत एएचसीआय आहे ना, एवढं बघून घ्यावं. आयडीई पद्धतीवर बसवलेल्या जुन्या विंडोजवर ती थेट बदलली तर विंडोज सुरूच होणार नाही, म्हणून आधी त्याची तयारी करावी लागते. डिस्क जशीच्या तशी उतरवून घेणारे क्लोनिंगचे प्रोग्रॅम आहेत. श्रीलिपी-पेजमेकरवाल्या मशीनसाठी तोच मार्ग बरा, कारण सगळं पुन्हा बसवायला मूळ सीडी शिल्लक असतेच असं नाही. एसएसएचडीने शिकलेलं मात्र क्लोनमध्ये येत नाही, आणि यायची गरजही उरत नाही.

२०१२नंतरच्या आयमॅकचा पडदा गोंदाने चिकटवलेला असतो. तो उघडून आतली डिस्क बदलणं सरावलेल्या हाताचं काम. त्यापेक्षा बाहेरून यूएसबी ३ किंवा थंडरबोल्टवर एसएसडी लावून तिच्यावरून मशीन सुरू करणं हा मला अधिक समंजस उपाय वाटतो. आतला फ्यूजन ड्राइव्ह मग कमी महत्त्वाच्या फाइलींसाठी राहू द्यावा. बॅकअप त्याच्यावर ठेवू नये.

बाहेर काढलेली जुनी एसएसएचडी अजून धड असेल तर ती जास्तीची प्रत ठेवायला चालते, एकुलती एक प्रत म्हणून चालत नाही. एसएसडी कपाटात ठेवून द्यायची असेल तर आणखी काळजी घ्यावी. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या उद्योगसंस्थेचं मानक असं आहे की तिचं लिहिण्याचं ठरलेलं आयुष्य संपल्यावर, विजेशिवाय, ३० अंश तापमानात तिने एक वर्ष डेटा टिकवावा. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीचं तापमान ३० अंशांवर थांबत नाही. झिजलेल्या एसएसडीवर लग्नाचे फोटो घालून ती ट्रंकेत टाकणं म्हणूनच धोक्याचं.

डिस्क विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर हायब्रिडमध्ये एक खाच आहे. तबकडीभर शून्यं लिहून ती साफ केली, तरी शेवटी वापरलेल्या फाइलींचे तुकडे फ्लॅशमध्ये राहून गेलेले असू शकतात. त्यासाठी डिस्कला आतूनच स्वतःला पुसायला लावणारा सिक्युअर इरेज हा आदेश वापरावा. बंद पडलेली डिस्क हा आदेश ऐकणार नाही. ती फोडताना तबकडीबरोबर खालच्या हिरव्या पट्टीवरची फ्लॅशची चिपही फोडावी, नुसत्या तबकडीला भोकं पाडून भागत नाही. फ्यूजन ड्राइव्ह असेल तर दोन्ही डिस्क वेगवेगळ्या पुसाव्या लागतात. उरलेला सांगाडा घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा. एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांमध्ये उत्पादकांवर रिसायकलिंगची जबाबदारी टाकलेली आहे. डिस्कच्या मोटरमध्ये आणि हेड हलवणाऱ्या भागात निओडिमियमची चुंबकं असतात, मोठ्या प्रमाणावर जमा झाली तर ती परत वापरता येतात.